चाक हबला धरू नये, नट-बोल्ट अडकू नयेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीचं चाक हवं तेव्हा सुटलं पाहिजे आणि नको तेव्हा अजिबात सुटता कामा नये. पहिल्या गोष्टीसाठी लोक बरंच काही करतात, पण त्यातलं निम्मं चुकीच्या जागी करतात. बोल्टला तेल पाजतात आणि हब, म्हणजे चाक ज्यावर चढवतात तो मधला लोखंडी भाग, तसाच गंजत ठेवतात. खालची उत्तरं बहुतेक सगळ्या गाड्यांना लागू पडतात. तरीही टॉर्कचा, म्हणजे नट आवळायच्या पिळाच्या जोराचा, आकडा आणि नटचा प्रकार यांबाबत तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत छापलेलंच खरं धरा.

चाक "जॅम झालं" म्हणजे नेमकं काय अडकलेलं असतं?

तीन वेगळ्या तक्रारींना आपण हा एकच शब्द वापरतो. एक, नट किंवा बोल्ट सुटत नाही. दोन, नट सगळे निघाले पण चाक हबवरून हलत नाही. तीन, गाडी उभी राहून राहून चाक फिरेनासं झालं. तिसरी तक्रार ब्रेकची आहे, तिच्याबद्दल शेवटाकडे लिहिलंय. पहिल्या दोन तक्रारींची जागा वेगळी, कारण वेगळं आणि उपायही वेगळा. हबला जे लावायचं ते नटला लावायचं नसतं, एवढं लक्षात राहिलं तरी बरंच काम झालं.

नट काढल्यावरही चाक निघत का नाही?

चाकाच्या मधोमध एक गोल भोक असतं आणि हबचा थोडा पुढे आलेला गळा त्यात बसतो. अनेक गाड्यांत चाक मध्यावर आणण्याचं काम हा गळाच करतो, म्हणून दोघांमधली फट मुद्दामच अगदी कमी ठेवलेली असते, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी. हब लोखंडाचा. त्या फटीत पाणी शिरलं की गंज धरतो आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. फट भरते, मग गंज चाकाला आतून आवळायला लागतो.

अलॉय चाक असेल तर त्यात आणखी एक भर. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असताना मधे खारट ओलावा आला की तिथे एक छोटा विद्युत-रासायनिक घट तयार होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. चाक काढल्यावर मधल्या भोकात पांढरी, चुन्यासारखी पूड दिसते ती हीच. खाली लोखंडाचा तांबडा गंज, वर अ‍ॅल्युमिनियमची पांढरी पूड, आणि दोन्ही मिळून फट गच्च. समुद्राकाठची हवा, बर्फ वितळवायला मीठ टाकलेले रस्ते, साचलेलं पाणी यांत हे फार लवकर होतं.

मग साध्या पत्र्याच्या चाकाला हा त्रास नसतो का?

असतो. तिथे लोखंडाला लोखंड लागलेलं असतं, त्यामुळे पांढरी पूड नसते, पण गंज दोन्ही बाजूंनी येतो. वर बसवलेल्या व्हील कॅपमुळे आत काय चाललंय ते दिसतही नाही.

नट-बोल्टच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावावं का?

पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं नसेल तर लावू नका.

कारण समजून घ्यायला थोडं आत जावं लागेल. चाक हबला धरून ठेवतो तो बोल्टचा ताण. नट आवळला की स्टड, म्हणजे हबमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा, किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा, आणि त्या ताणामुळे चाक हबच्या तोंडावर दाबून बसतं. पण आपण पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण दहावा भागच या ताणाच्या कामी येतो. जवळपास निम्मा जोर नटच्या बैठकीवरच्या, म्हणजे नट चाकाला जिथे टेकतो तिथल्या, घर्षणात जातो आणि उरलेला आट्यांमधल्या घर्षणात. कंपनीने ठरवलेला टॉर्क हा घर्षणाचा हा हिशोब आधीच धरून, कोरड्या आट्यांसाठी काढलेला असतो.

आता आट्यांना किंवा नटच्या बैठकीला तेल लागलं की घर्षण कमी होतं. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला टक आवाज करणारा पाना) तोच आकडा दाखवून "टक" करतो, पण स्टडवर आलेला ताण मात्र एक चतुर्थांशाने किंवा त्याहूनही जास्त वाढलेला असू शकतो. अशा स्टडचा ताण लवचीकतेच्या हद्दीपलीकडे गेला की तो कायमचा लांबतो. लांबलेला स्टड पुढे चाक नीट दाबून धरत नाही आणि एखाद्या दिवशी तुटतो. बैठकीला लागलेलं ग्रीस तर जास्तच वाईट, कारण चाक चालताना नट आपोआप मागे फिरू नये म्हणून जे घर्षण लागतं त्यातला मोठा वाटा तिथलाच असतो.

याला अपवाद आहेत. पोर्शच्या काही मॉडेलांत बोल्टच्या आट्यांना ठरावीक पेस्टचा पातळ थर लावायला सांगितलेलं असतं, पण तिथेही चाकाला टेकणारी बैठक कोरडीच ठेवायची असते, आणि टॉर्कचा आकडा तो थर गृहीत धरून दिलेला असतो. तशी सूचना आपल्या गाडीच्या पुस्तिकेत असेल तर ती पाळा. नसेल तर आटे कोरडे.

पण कोरडे ठेवले तर आटे गंजणारच ना?

थोडा वरवरचा तांबूस रंग येतो, त्याने काही बिघडत नाही. चाक नीट आवळलेलं असेल तर आट्यांच्या कामाच्या भागात पाणी फारसं जात नाही. नट अडकतात ते बहुतेक वेळा दोन कारणांनी: गरजेपेक्षा जास्त आवळलेले असतात, किंवा आट्यांत माती-कचरा असतानाच फिरवलेले असतात. दोन्ही टाळणं आपल्या हातात आहे. चाक काढलं की स्टडवरून तारेचा ब्रश फिरवा, नटच्या आत फुंकर मारा किंवा फडकं फिरवा. बोल्टवाल्या गाडीत, म्हणजे जिथे स्टड नसून बोल्ट थेट हबमध्ये जातात, हबच्या भोकातही कचरा राहतो, तो काढा.

मग एक साधी परीक्षा करा. नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मधेच अडला तर पाना लावून पुढे रेटू नका. तिथे आटा बसलाय किंवा नट तिरका चढलाय. मागे घ्या, साफ करा, पुन्हा लावून बघा. तरी अडत असेल तर तो नट किंवा स्टड बदलायचा.

मग अँटी-सीझ पेस्ट (धातू एकमेकांना धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट) कुठे लावायची?

हबच्या पुढे आलेल्या गळ्याला, म्हणजे चाकाच्या मधल्या भोकात बसणाऱ्या कड्यालाच. तीही इतकी पातळ की खालचा धातू दिसत राहील. बोटावर घेतलेला मटारच्या दाण्याएवढा गोळा एका हबला पुरून उरतो. जास्त लावलेली पेस्ट चाक फिरताना बाहेर फेकली जाते आणि ती ब्रेक डिस्कवर किंवा ड्रममध्ये गेली तर मोठीच पंचाईत.

हबचं सपाट तोंड, ज्यावर चाक दाबून बसतं, ते स्वच्छ आणि कोरडं असलं की पुरे. काही जण तिथेही पेस्टचा लपका देतात. चाक तिथल्या घर्षणावरच धरलेलं असतं, म्हणून मी ते तोंड कोरडंच ठेवायला सांगेन. स्टडच्या आसपास तर पेस्ट जाऊच देऊ नका.

कुठली पेस्ट घ्यावी? तांब्याची चालेल?

पत्र्याच्या चाकाला तांब्याची चालते. अलॉय चाक असेल तर सिरॅमिक किंवा अ‍ॅल्युमिनियमवाली बरी, कारण तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम यांचंही ओलाव्यात पटत नाही. शिवाय सिरॅमिक पेस्टमध्ये धातूचे कण नसतात, त्यामुळे एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जागीच अडकून घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरजवळ चुकून थोडी लागली तरी काळजी कमी. पेस्ट सेन्सरपर्यंत जाऊ न देणं हे मात्र कुठल्याही पेस्टला लागू.

घरात ग्रीसचा डबा आहे. तेच लावलं तर?

काहीच नसण्यापेक्षा बरं, पण टिकत नाही. ब्रेकच्या उष्णतेने साधं ग्रीस पातळ होऊन ओघळतं आणि ओघळून जातं ते ब्रेककडेच.

चाक काढल्यावर हब नेमका कसा साफ करायचा?

गाडी सपाट जागी, पुढच्या-मागच्या चाकांना अडण लावून, जॅकबरोबर स्टँडवर घेतलेली असली पाहिजे. नुसत्या जॅकवरच्या गाडीजवळ बसून जोर लावायचं काम करू नका.

आधी हबच्या गळ्यावरचा गंज तारेच्या ब्रशने घासा. पापुद्रे निघेपर्यंत घासायचं, चकाकी येईपर्यंत घासायची गरज नाही. गळा आणि सपाट तोंड जिथे मिळतात त्या कोपऱ्यात गंज सगळ्यात घट्ट बसतो आणि तिथेच ब्रश पोचत नाही. जुन्या स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या कोपऱ्यातून गोल फिरवलं की पापुद्रा सुटतो. मग स्टडच्या भोवतालची जागा. तिथे राहिलेला एखादा खडा किंवा गंजाचा पापुद्रा चाक तिरकं बसवतो, आणि पुढे तो चुरडला गेला की नट आपोआप सैल होतात.

चाकाच्या बाजूने अलॉयला पोलादी तारेचा ब्रश लावू नका, ओरखडे पडतात. भांडी घासायची नायलॉनची हिरवी घासणी मधल्या भोकात फिरवली की पांढरी पूड निघते. ग्राइंडर तर अजिबात नको. फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाची असते, तिथे धातू घासून कमी केला की चाक मध्यावर बसत नाही आणि वेगात थरथर सुरू होते.

शेवटी ब्रेक क्लीनरने पुसून घ्या, पेस्टचा हात फिरवा, चाक चढवा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

चाकाला नवा रंग किंवा पावडर कोटिंग करणार असाल तर हबला टेकणारं तोंड आणि नटच्या बैठकी झाकून ठेवायला आवर्जून सांगा. तिथला रंग दाबला जाऊन पातळ होतो आणि आवळलेला टॉर्क उतरतो.

नट किती आवळायचे?

पुस्तिकेत जेवढं सांगितलंय तेवढे. बहुतेक मोटारींना हा आकडा ८० ते १४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. उदाहरणार्थ टोयोटाच्या अनेक गाड्यांना १०३, होंडाच्या बहुतेक गाड्यांना १०८, फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अनेक मॉडेलांना १२०.

हातातल्या पान्याच्या भाषेत सांगायचं तर ४० सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला २५ किलोचा जोर दिला की साधारण १०० न्यूटन-मीटर होतात. आता गाडीबरोबर आलेला ३० सेंटीमीटरचा पाना आडवा धरा आणि ७० किलोच्या माणसाने त्यावर उभं राहा: २०० न्यूटन-मीटरच्या वर गेलं, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पान्यावर पाय देऊन आवळायची सवय इतकी सर्रास आहे की पुढच्या वेळी नट का सुटत नाही याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं.

आवळताना समोरासमोरचा क्रम ठेवा. पाच नट असतील तर चांदणी काढल्यासारखा, एक सोडून पुढचा. आधी सगळे हाताने, मग चाक जरा उचललेलं असताना हलके, आणि शेवटचा टॉर्क चाक जमिनीला टेकल्यावर.

दुकानात एअर गनने आवळतात. त्याला काय करावं?

गनने नट काढायला हरकत नाही. लावताना गन फक्त नट बसेपर्यंत वापरावी आणि शेवटचा जोर टॉर्क रेंचने द्यावा, असं सांगा. सांगायला संकोच वाटत असेल तर घरी येऊन गाडी थंड झाल्यावर एका वेळी एकच नट सैल करा आणि आपल्या रेंचने पुन्हा लावा, असं सगळ्या नटांचं करा. क्लिकवाला साधा टॉर्क रेंच एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो. काम झाल्यावर त्याचा आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा आणि त्याने नट सोडवायचे नाहीत.

५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला सांगतात, ते खरंच लागतं?

लागतं. हबच्या तोंडावर उरलेली बारीक धूळ, रंगाचा थर, गंजाचा कण हे सगळं पहिल्या काही किलोमीटरमध्ये दाबलं जातं आणि ताण थोडा उतरतो. नवी चाकं किंवा नवे स्टड असतील तर नक्कीच तपासा.

दुसऱ्या गाडीचे नट बसतात. वापरले तर?

आटे जुळले म्हणजे नट जुळला असं नाही. नटची बैठक तीन प्रकारची असते: शंकूसारखी, गोलाकार आणि सपाट वॉशरवाली. होंडा आणि फोक्सवॅगनच्या मूळ चाकांना गोलाकार बैठक असते, बाजारातल्या बहुतेक अलॉयना ६० अंशांचा शंकू लागतो. शंकूचा नट गोल खड्ड्यात लावला तर तो एका बारीक रेषेवर टेकतो. घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण एक तर अलॉयमध्ये रुतून अडकतो किंवा चालताना सैल होतो. म्हणून चाकं बदलताना मूळ चाकांचे नट एका पिशवीत घालून, वर नाव लिहून ठेवा.

आट्यांचंही बघा. एम१२ चे, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडचे, १.५ आणि १.२५ मिलिमीटर अंतराचे असे दोन आटे सर्रास आहेत आणि चुकीचा नट पहिले दोन-तीन फेरे बिनबोभाट चढतो.

चकचकीत नटांवर सॉकेट बसेनासं झालंय. नट फुगतात का?

काही नटांवर दिसायला चांगली म्हणून पातळ स्टीलची टोपी चढवलेली असते. तिच्या आत पाणी गेलं की खालचा नट गंजतो आणि टोपी फुगते. १९ चं सॉकेट जात नाही, २० चं सैल होतं. रस्त्यात ही वेळ आली तर फार हाल होतात. असे नट दिसले की एकसंध, टोपी नसलेले नट घेऊन सगळेच्या सगळे बदला.

लॉक नटचं, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या खास चावीच्या नटचं काय?

त्याला गनने हात लावू देऊ नका. त्याच्या चावीचे दात बारीक असतात, एका फटक्यात जातात. चावी स्टेपनीजवळच ठेवा.

चाक किती दिवसांनी काढावं?

दर १०,००० किलोमीटरला चाकांची अदलाबदल केली तर हा प्रश्न आपोआप सुटतो, कारण टायरच्या झिजेसाठी जे करायचं त्याने हबही मोकळा राहतो. गाडी कमी फिरत असेल तर किलोमीटर मोजू नका, वर्षातून एकदा काढाच. पाण्यात बुडालेली गाडी असेल तर लगेच.

आत्ता चाक अडकलंय. काय करू?

नट पूर्ण काढू नका. प्रत्येक नट दोन-तीन फेरे सैल ठेवा, म्हणजे चाक अचानक सुटलं तरी अंगावर येणार नाही. गाडी स्टँडवर घेऊन टायरच्या कडेला आतून बाहेर असा फटका द्या. रबरी हातोडा किंवा मधे लाकडाचा ठोकळा, आणि फटका टायरवर. रिमवर नाही, डिस्कवर तर मुळीच नाही. एक फटका वर, मग चाक अर्धं फिरवून पुन्हा. पाठमोरं बसून टाचेने टायरला डावीकडून आणि उजवीकडून आळीपाळीने लाथ मारणंही चांगलं लागू पडतं. गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग जाता कामा नये.

तरी हललं नाही तर मधल्या भोकाच्या कडेने गंज सोडवणारं तेल थोडं थोडं सोडा आणि निदान अर्धा तास थांबा. घाईत ओतलेलं तेल डिस्कवर ओघळतं. तेल नंतर ब्रेक क्लीनरने पूर्ण काढायचं, स्टडवरचंसुद्धा. पॅड किंवा लायनिंग तेलाने भिजलं असेल तर ते बदला.

शेवटचा घरगुती मार्ग म्हणजे नट साधारण एक फेरा सैल ठेवून, गाडी जमिनीवर असताना, मोकळ्या सपाट जागी दोन-चार फूट पुढे-मागे घेऊन हलका ब्रेक मारणं. टक असा आवाज आला की लगेच थांबा. याहून जास्त अंतर जायचं नाही, नाहीतर स्टड आणि भोकं खराब होतात.

गॅसची ज्योत लावली तर पटकन सुटतं म्हणतात?

टायर चढवलेल्या चाकाला ज्योत लावू नका. तापलेल्या रिममुळे टायरच्या आतल्या रबरातून ज्वलनशील वायू निघतात, दाब वाढतो आणि टायर स्फोटासारखा फुटू शकतो. अशा अपघातांत माणसं गेली आहेत. त्याशिवाय अलॉयची ताकद उतरते आणि बेअरिंगचं सील जळतं.

नटच सुटत नाही. मग?

चाक जमिनीवर असतानाच प्रयत्न करा. गंज सोडवणारं तेल मारा, थांबा, मग सहा कोनी सॉकेट लावा. बारा कोनी सॉकेट जुन्या नटचे कोपरे खातं. सोडवण्याआधी नट किंचित आवळायच्या दिशेने हलवा, गंजाची पकड तुटते. पान्याला पाइप लावायचा तो फक्त सोडवताना, आणि जोर एकदम नाही, वाढवत न्यायचा. कोपरे गेलेल्या नटसाठी आतून उलटे आटे असलेलं सॉकेट मिळतं. फार जुन्या काही गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, हेही आधी बघून घ्या.

एक स्टड तुटला. बाकीचे आहेत ना?

बाकीच्यांवर जास्त भार आलाय. तुटण्याचं कारण जास्त आवळणं असेल तर शेजारचे स्टडही तेवढेच ताणलेले आहेत. सावकाश गॅरेजपर्यंत जा आणि त्या चाकाचे सगळे स्टड बदलून घ्या. बोल्टवाल्या गाडीत हबमधले आटे गेले असतील तर खर्च जास्त येतो. म्हणून तिथे चाक चढवताना एका भोकात गाइड पिन लावून चाक त्यावर टेकवावं, मग बोल्ट सरळ जातो.

बरेच दिवस उभी असलेल्या गाडीचं चाक फिरतच नाही, हेही गंजामुळेच का?

हो, पण गंज ब्रेकमध्ये आहे. ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून गाडी उभी राहिली की लायनिंग ड्रमला चिकटतं. गाडी हळूच पुढे-मागे करून बघा, बहुतेक वेळा टक आवाज होऊन सुटतं. जोरात रेस देऊन ओढू नका, लायनिंग उखडतं. पुढे लांब मुदतीसाठी गाडी ठेवताना थांबण्याआधी थोडं अंतर हलका ब्रेक दाबत चालवा, म्हणजे ब्रेक सुकतील. नंतर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी वर, आणि चाकांना अडण लावा. जागा मात्र सपाट हवी.

रस्त्यात वेळ आली तर जवळ काय असावं?

नटला बरोबर बसणारं सहा कोनी सॉकेट आणि लांब दांड्याचा पाना, लॉक नटची चावी, लाकडाचा एक ठोकळा, हातमोजे. घरी एकदा याच सामानाने चारही चाकं काढून बघा. स्टेपनीची हवा त्याच दिवशी भरून घ्या. ती डिकीच्या खाली लटकवलेली असेल तर तिची साखळी आणि स्क्रूसुद्धा फिरतोय ना ते बघा, कारण चिखल सगळा तिथेच बसतो.